सत्तर टक्के, पण कशाचे? हवाईच्या फळमाशीची गोष्ट पुन्हा वाचताना

फळमाशीच्या जैविक नियंत्रणावर सिनॉप्सिस लिहायला बसलात की प्रस्तावनेत एक वाक्य हमखास येतं: 'हवाई बेटांवर फोपियस अरिसानस या परोपजीवी कीटकाने ओरिएंटल फळमाशीचे साठ ते सत्तर टक्के परजीवीकरण करून किडीचे यशस्वी नियंत्रण केले.' माझ्याही सिनॉप्सिसमध्ये ते होतं. थोड्याफार फरकानं ते तुम्हाला कितीतरी प्रबंधांत सापडेल, कारण ते एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत जातं आणि मूळ पेपर उघडायची वेळ कुणावर येतच नाही. माझ्या सादरीकरणाच्या वेळी समितीतल्या एका सरांनी विचारलं, "सत्तर टक्के कशाचे?" मी म्हटलं, "माश्यांचे." ते म्हणाले, "कुठल्या? अंड्यांतल्या, पेरूतल्या, की बागेतल्या?" मी गप्प बसले.

त्यानंतर जुने पेपर काढून वाचले. आता माझं मत असं झालंय की हवाईचं यश खरं आहे, पण ज्या आकड्यानं आपण ते सिद्ध करतो तो आकडा ते सिद्ध करत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, ते सांगायचा प्रयत्न करते.

आधी प्राण्यांची ओळख. माशी आपल्या ओळखीचीच आहे, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. हापूसला आणि पेरूला डंख मारते तीच. मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात, पूर्ण वाढल्या की फळातून बाहेर पडून मातीत कोष करतात. फोपियस अरिसानस ही काही मिलिमीटरची, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली. ती आपलं अंडं माशीच्या अंड्यात घालते. माशीचं अंडं उबतं, अळी बाहेर येते, खाते, वाढते, मातीत जाते, कोष करते. तोवर आतला पाहुणा बारीकच असतो. कोष झाला की तो यजमानाला संपवतो, आणि माशीच्या कोषातून माशीऐवजी फोपियस बाहेर पडते. असं शेवटी यजमानाला मारणारं जे परोपजीवी, त्याला पॅरासिटॉइड म्हणतात. हे वेळापत्रक लक्षात ठेवा, पुढचा बराच वाद त्याच्यावरच आहे.

आता इतिहास. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ही माशी हवाईत पोचली आणि काही वर्षांत तिनं फळबागांचा धुव्वा उडवला. मग मोठी मोहीम निघाली. १९४७ ते १९५२ या काळात आशियातून आणि इतर भागांतून माशीचे ३२ प्रकारचे नैसर्गिक शत्रू आणून सोडले गेले. टिकून नजरेत भरले तीन, तेही एकामागून एक: आधी डायकास्मिमॉर्फा लाँगिकॉडाटा, मग तिला मागे सारून फोपियस वँडेनबॉशी, आणि १९५० च्या सुमारास तिलाही मागे सारून फोपियस अरिसानस. क्लॉसेन, क्लॅन्सी आणि चॉक यांनी १९६५ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बुलेटिनमध्ये ही सगळी हकीकत लिहिली आहे. जुन्या पद्धतीचं, संथ, नोंदींनी भरलेलं लेखन आहे, पण मिळालं तर आधी ते वाचा. त्यावरचे परीक्षणपर लेख नंतर.

या हकीकतीत एक गंमत आहे, जी सिनॉप्सिसमधल्या वाक्यात कधी येत नाही. अरिसानसला कुणी ओळखून निवडलंच नव्हतं. माशीचे कोष गोळा करून पाठवले जायचे, त्यातून ज्या चिमुकल्या माश्या निघायच्या त्यांत एकसारख्या दिसणाऱ्या जाती मिसळलेल्या असायच्या. हिला सुरुवातीला वेगळ्याच जातीच्या नावानं ओळखलं गेलं. ती अळीवर नाही, अंड्यावर हल्ला करते हे व्हॅन डेन बॉश आणि हारामोटो यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलं, म्हणजे ती हवाईत पसरायला लागल्यावर! (हे व्हॅन डेन बॉश म्हणजे पुढे कीटकनाशक उद्योगावर तोफ डागणारं पुस्तक लिहिणारे तेच.) जी जात अळीवर अंडी घालते असं समजून तुम्ही तिच्यासमोर अळ्या ठेवाल, ती तुम्हाला प्रयोगशाळेत काय दाखवणार? तेव्हा '३२ आणले, ३ टिकले, १ चाललं' याला नियोजनाचं यश म्हणताना जरा थांबा. चिकाटीचं यश म्हणा, नशिबाचा वाटाही कबूल करा. आणि तुमच्या नमुन्यांची ओळख तज्ज्ञाकडून पक्की करून घ्या. दुसऱ्या कुणाच्या तरी प्रबंधातल्या छायाचित्राशी जुळवून नव्हे.

आता मूळ प्रश्न: टक्के काढतात कसे? फळं गोळा करतात, वाळू किंवा भुसा घातलेल्या डब्यात ठेवतात, कोष चाळून घेतात आणि त्यातून काय निघतं ते मोजतात. निघालेल्या पॅरासिटॉइडची संख्या भागिले पॅरासिटॉइड अधिक माश्या, गुणिले शंभर. बस. सोपं आहे, स्वस्त आहे, त्यामुळे सगळे तेच करतात. व्हॅन ड्रीश यांनी १९८३ साली 'टक्के परजीवीकरण' या शब्दप्रयोगाचा अर्थ काय, एवढ्याच प्रश्नावर एक पेपर लिहिला होता. फळमाशीवरचा नाही, पण आपल्याला तंतोतंत लागू पडतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एका दिवशी घेतलेल्या नमुन्यातली टक्केवारी ही त्या पिढीत पॅरासिटॉइडनं किती मारले याचं उत्तर नसते. काही यजमान अजून हल्ला व्हायच्या वयात आलेले नसतात, काही ते वय ओलांडून निघून गेलेले असतात. लाँगिकॉडाटा मोठ्या अळ्यांवर हल्ला करते. तुम्ही झाडावरचं पिकतं फळ तोडून आणलंत, तर पुढच्या चार-पाच दिवसांत त्या फळावर जो हल्ला झाला असता तो तुम्ही थांबवलात. उलट चार दिवस जमिनीवर पडलेलं फळ उचललंत, तर लवकर वाढलेल्या अळ्या आधीच मातीत गेल्यात. फळं तीच, बाग तीच, पण वेचण्याच्या सवयीप्रमाणे टक्के बदलतात. अरिसानस अंड्यावर जात असल्यानं झाडावरून तोडलेल्या फळातही तिचा आकडा बऱ्यापैकी पूर्ण येतो. म्हणजे एकाच डब्यातून निघालेल्या दोन जातींची तुलनाही सरळ होत नाही! 'अरिसानस ८० टक्के, लाँगिकॉडाटा ५ टक्के' असा तक्ता दिसला की आधी बघा, फळं झाडावरची होती की जमिनीवरची.

सरासरीचीही एक चलाखी आहे, बहुतेक वेळा नकळत केलेली. समजा दहा पेरू. नऊ पेरूंतून प्रत्येकी एक पॅरासिटॉइड निघाला, माशी एकही नाही. दहाव्यातून ८० माश्या निघाल्या, पॅरासिटॉइड शून्य. प्रत्येक फळाची टक्केवारी काढून सरासरी घेतलीत तर ९० टक्के. सगळे कोष एकत्र मोजलेत तर ८९ पैकी ९, म्हणजे जेमतेम १०. दोन्ही गणितं बरोबर आहेत. बागायतदाराला मात्र त्या ८० माश्या दिसतात. पेपर वाचताना पद्धतीच्या भागात हे वाक्य शोधा. सापडलं नाही तर समासात मोठं प्रश्नचिन्ह काढा.

पण खरा घोळ इथेही नाही. समजा टक्केवारी अचूक आहे. ७० टक्के म्हणजे ७०. तरी किडीचं काय झालं?

एक ढोबळ हिशेब करू. एखाद्या हंगामात माशीची संख्या दर पिढीला दहापट होतेय. पॅरासिटॉइडनं ७० टक्के मारल्या, बाकी काही बदललं नाही, तर ती तीनपट होईल. माशी वाढतेच आहे, फक्त सावकाश. वाढ थांबवायची तर ९० टक्के हवेत. आणि जिथे माशीची वाढ मुळातच दीडपट आहे, तिथे ४० टक्केही पुरतात. त्यामुळे '७० टक्के' हा आकडा एकटा काहीच बोलत नाही, शेजारी वाढीचा दर असेल तरच बोलतो. तो दर किती पेपरांत दिलेला असतो, ते तुम्हीच मोजा.

आता मघाचं वेळापत्रक आठवा. एका पेरूत २०० अंडी आहेत, पण गर पुरेल तो ६० अळ्यांना. पॅरासिटॉइड नसताना ६० कोष, ६० माश्या. आता अरिसानस आली आणि निम्म्या अंड्यांत तिनं आपली अंडी घातली. तिनं ग्रासलेल्या अळ्या लगेच मरत नाहीत, त्या इतरांसारख्याच खातात, जागेसाठी भांडतात. शेवटी ६० कोषच होतात, त्यातले साधारण ३० पॅरासिटॉइडचे. ५० टक्के परजीवीकरण, आणि माश्याही खरोखर निम्म्या. इथपर्यंत टक्केवारी प्रामाणिक निघाली.

अरिसानसची आणखी एक खोड आहे: अंड्याला टोचताना काही अंडी नुसती टोचण्यानंच मरतात. भूमध्य फळमाशीच्या अंड्यांवर हे प्रयोगशाळेत दाखवलेलं आहे. ही मेलेली अंडी कोषांत येत नाहीत, त्यामुळे टक्केवारीत मोजलीच जात नाहीत. यावर आशावादी लेखक म्हणतात, बघा, खरा परिणाम आम्ही सांगतोय त्याहून जास्तच आहे. पण थांबा. त्याच पेरूत २०० पैकी १०० अंडी टोचून मेली असं धरा. उरली १००, गर ६० अळ्यांना पुरणारा. कोष किती? ६०च. या १०० मृत्यूंचा उपयोग शून्य, कारण ते झाले नसते तर तेवढ्याच अळ्या उपासमारीनं मेल्या असत्या. आणि पेरूत २०० ऐवजी २० अंडी असती? मग प्रत्येक टोचलेलं अंडं म्हणजे कमी झालेली एक माशी. एकच कीटक, एकच कृती, आणि गर्दीच्या फळात तिची किंमत काही नाही, रिकाम्या फळात पूर्ण आहे. म्हणून फळामागे अळ्या किती हे न सांगता 'लपलेला फायदा' मोजून दाखवणारा पेपर मला पटत नाही, मग लेखक कितीही मोठा असो.

दोन्ही प्रकारचे मृत्यू वेगळे लिहायला हवेत हे मला हा हिशेब कागदावर मांडेपर्यंत कळलं नव्हतं. तुम्हीही एकदा मांडून बघा, आकडे बदलून. अर्ध्या तासाचं काम आहे.

याच मोजपट्टीवरचा पहिला मोठा वादही हवाईतलाच, आणि तो जास्त जुना आहे. भूमध्य फळमाशी हवाईत १९१० च्या सुमारास पोचली होती. तिच्यासाठी इटलीचे फिलिपो सिल्व्हेस्ट्री १९१२ साली पश्चिम आफ्रिकेत पॅरासिटॉइड शोधायला गेले. तिथून आणि इतर ठिकाणांहून आणलेल्या जातींत दक्षिण आफ्रिकेतली ऑपियस ह्युमिलिस होती, पुढे ऑस्ट्रेलियातून ट्रायोनी आली. (त्याच सुमारास, १९१६ साली, काकडीवर्गीय फळमाशीसाठी भारतातून ऑपियस फ्लेचेरी नेली गेली. आपलाही हातभार आहे या गोष्टीत.) १९१८ साली पेम्बर्टन आणि विलार्ड यांनी मांडलं की एकाच अळीत ह्युमिलिस आणि ट्रायोनी दोघींची पिल्लं आली तर ट्रायोनीचं पिल्लू ह्युमिलिसच्या पिल्लाला मारतं. ह्युमिलिस मागे पडली, आणि ती एकटी असती तर एकूण नियंत्रण अधिक चांगलं झालं असतं. म्हणजे दुसरी जात आणणं ही चूकच! यावर पुढे कितीतरी वर्षं भांडण चाललं. हॅरी स्मिथ यांनी १९२९ मध्ये उलट बाजू मांडली.

१९१८ मध्ये एका जातीनं दुसरीला हटवलं, त्याला नुकसान म्हटलं गेलं. १९५० मध्ये अरिसानसनं वँडेनबॉशीला हटवलं, त्याला प्रगती म्हटलं गेलं. (अरिसानस मारामारी करत नाही. तिच्या उपस्थितीत नंतर आलेल्या जातीची अंडी अळीच्या आत उबतच नाहीत, असं वांग आणि मेसिंग यांनी २००३ मध्ये ट्रायोनीच्या बाबतीत दाखवलं.) मला पेम्बर्टन-विलार्ड यांचं निरीक्षण उत्तम आणि निष्कर्ष कच्चा वाटतो. पिल्लांची लढाई त्यांनी खरंच पाहिली होती. पण 'ती एकटी असती तर' हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं, कारण तसं बेट त्यांच्याकडे नव्हतं. अरिसानसच्या बाजूचा पुरावा सरस आहे तो एवढ्याचसाठी की तिथे टक्क्यांबरोबर पेरूंतून निघणाऱ्या माश्यांची संख्याही घसरलेली दिसते. तरीही, अरिसानस न सोडलेलं हवाई कुणाकडेच नव्हतं.

फ्रेंच पॉलिनेशियाचं काम म्हणून मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताहितीत ओरिएंटल फळमाशी १९९६ मध्ये सापडली, हवाईतून अरिसानस २००२ पासून नेऊन सोडली गेली. रॉजर व्हर्गास आणि सहकाऱ्यांनी पेरू, देशी बदाम आणि तिथलं एक स्थानिक चेस्टनट अशा वेगवेगळ्या फळांवर काही वर्षं नोंदी ठेवल्या, आणि टक्क्यांच्या जोडीला किलोमागे निघणाऱ्या माश्या दिल्या. एक स्तंभ चढतो, दुसरा उतरतो. हा 'किलोमागे माश्या' स्तंभ म्हणजे सरांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. यावरही शंका घेता येते, आणि घ्यायलाच हवी. नव्यानं आलेली कीड आधी उसळते आणि मग कुणी काही न करताही थोडी खाली बसू शकते. शिवाय सोडणारे आणि मोजणारे एकाच गटातले. पण निदान शंका घेण्यापुरती माहिती पेपरात आहे. नुसते टक्के दिले असते तर तीही सोय नव्हती.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याच्याकडे येऊ. पॅरासिटॉइडनं ग्रासलेली अळी फळ खातेच. तुमच्या परजीवीकरणाचा आकडा ९५ असला तरी डंख बसलेला हापूस हा डंख बसलेला हापूसच. पॅरासिटॉइड हे फळ वाचवत नाही, पुढच्या पिढीच्या माश्या कमी करून पुढची फळं वाचवतो. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघानं फळमाशी सापडल्यामुळे भारतीय आंब्यावर बंदी घातली, ती २०१५ च्या जानेवारीत उठली. तिथे पेटीत एक जिवंत अळी सापडणं पुरेसं असतं. ती अळी आतून फोपियसनं ग्रासलेली आहे का, हे बंदरावर कुणी विचारत नाही. हवाईतून निघणाऱ्या पपईलाही म्हणूनच आजवर उष्णतेची किंवा किरणांची प्रक्रिया करावी लागते. शिवाय 'यशस्वी नियंत्रणा'नंतर पन्नासेक वर्षांनी, २००० च्या आसपास, त्याच बेटांवर प्रथिनांचं आमिष, नर माश्यांचे सापळे, पडकी फळं उचलणं असा सगळा कार्यक्रम नव्यानं उभारावा लागला. रानातल्या पेरूंवर माश्यांचा साठा कमी झाला हे यश मोठं आहे. बागायतदाराचा प्रश्न त्यानं सुटला नाही, हेही तितकंच खरं.

कोकणासाठी प्रस्ताव लिहिणाऱ्यांना एक सांगायचंय. 'हवाईप्रमाणे येथेही' अशी सुरुवात करू नका. हवाईत माशी परकी होती आणि तिचे शत्रू मागे राहिले होते, म्हणून ते आणावे लागले. इथे माशी घरची आहे, आणि फोपियस अरिसानसची भारतात नोंद आहे. शत्रू हजर असताना माशी माजते ती का, हा आपला प्रश्न. त्याचं उत्तर फवारण्यांत असेल, हापूसच्या हंगामाआधी माशी कुठल्या फळांवर दिवस काढते यात असेल, किंवा बागेतल्या पडक्या फळांत. पडकी फळं गोळा करून खोल पुरा, हा आपल्याकडचा नेहमीचा सल्ला. माशीसाठी योग्यच आहे, पण त्या खड्ड्यात पॅरासिटॉइडही पुरले जातात. हवाईच्या त्या नव्या कार्यक्रमात यावर एक साधा उपाय वापरला गेला: तंबूसारखी एक रचना, पडकी फळं आत टाकायची, जाळी अशी की माशी आत अडकते आणि बारीक पॅरासिटॉइड बाहेर निसटतो. आपल्या बागेत, आपल्या पावसात, आपल्या मजुरीच्या दरात हे परवडतं का, यावर कुणी नीट काम केलं तर मला वाचायला आवडेल. सत्तर टक्क्यांच्या आणखी एका तक्त्यापेक्षा नक्कीच.

माझ्या पहिल्या हंगामाच्या वहीत पेरूंची तारीख आहे, बाग आहे, कोष आहेत, निघालेले पॅरासिटॉइड आहेत, माश्या आहेत. वजन नाही. तेव्हा सुचलंच नाही. फळं झाडावरची की जमिनीवरची तेही अर्ध्याच नोंदींत लिहिलंय. टक्के काढता येतात, काढलेतही, आणि आकडा चांगला देखणा आलाय. सध्या तो परिशिष्टात टाकलाय, आणि यंदा डब्यांशेजारी वजनकाटा ठेवलाय.